नवीन फुलपाखरू कागदावर येतं तेव्हा

२०२३ मध्ये बातमी आली की तमिळनाडूतल्या मेघमलाईच्या डोंगरांत फुलपाखराची नवी जात सापडली, सिगारिटिस मेघमलाईएन्सिस, इंग्रजी नाव क्लाउड फॉरेस्ट सिल्व्हरलाइन, आणि पश्चिम घाटातून तीसपेक्षा जास्त वर्षांनी नवीन फुलपाखरू आलं म्हणून सगळीकडे कौतुक. आमच्या नागपूरच्या फुलपाखरूवाल्या ग्रुपवर दिवसभर तोच फोटो फिरत होता. काय नशीब आहे, आपल्याला पेंचला नाहीतर नागझिऱ्याला असं काही मिळायला पाहिजे, मिळालं तर नाव काय ठेवायचं, अशी सगळी चर्चा. मीही त्यात होतेच. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं, की त्या लोकांना समोर बसलेलं फुलपाखरू नवीन आहे हे कळलं कसं, आणि कळल्यावर त्यांनी ते बाकीच्यांना पटवलं कसं. तेव्हापासून जिथे मिळतील तिथून मी नव्या जातींचे पेपर वाचते. माझी नोकरी बँकेतली, जीवशास्त्राशी संबंध बारावीलाच संपला, पण वाचायला कोण अडवतंय. आणि वाचून वाचून माझं एक मत पक्कं झालंय की नवीन जात जंगलात दिसत असली तरी ती ठरते टेबलावर, म्युझियममधल्या नमुन्यांच्या जुन्या पेट्या उघडून, आणि त्या पेट्यांत आधी कोणीतरी साधीसुधी नेहमीची फुलपाखरं नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेली असतील तरच ठरते.

सिल्व्हरलाइन म्हटलं की मला जवळचं वाटतं, कारण त्याचा एक भाऊबंद आपल्याकडे बोरीवर राहतो, कॉमन सिल्व्हरलाइन. गोरेवाड्याकडे वगैरे बोरीची झुडपं असतील आणि ऊन चांगलं पडलं असेल तर जरा थांबून पाहा. लहानसं फुलपाखरू, पंख मिटून बसतं, आणि मिटलेल्या पंखांचा रंग फिकट पिवळसर, त्यावर तांबूस पट्टे, पट्ट्यांना काळी किनार आणि प्रत्येक पट्ट्याच्या मधून चांदीची बारीक रेघ, जरीचा एकच धागा घालावा तशी. मागच्या पंखांना दोन दोन शेपट्या आणि त्यांच्या बुडाशी नारिंगी डाग. बसल्या बसल्या ते मागचे पंख एकमेकांवर घासत राहतं, त्याने शेपट्या हलतात आणि पाहणाऱ्याला वाटतं डोकं तिकडेच आहे. पक्षी तिथे चोच मारतो, पंखाचा तुकडा जातो, फुलपाखरू वाचतं. त्याच बोरीवर त्याची अळी असते आणि अळीभोवती मुंग्या, कारण अळीच्या पाठीवरच्या ग्रंथीतून गोड थेंब येतो, मुंग्या तो पितात आणि त्या बदल्यात अळीची राखण करतात. हे सगळं एका बोरीच्या फांदीवर चालू असतं, तासन्‌तास पाहिलं तरी मन भरत नाही.

आता या खानदानातल्या जाती एकमेकींपासून ओळखायच्या कशा, तर पट्टा कुठे तुटतो, कुठे शेजारच्या पट्ट्याला जाऊन मिळतो, पंखाच्या मुळाशी ठिपके आहेत की अखंड रेघ आहे, असल्या बारीक गोष्टींवरून. आणि गंमत अशी की एकाच जातीतसुद्धा हे कमीजास्त होतं. म्हणजे फरक दिसला तरी तो जातीचा आहे, ऋतूचा आहे, नर-मादीचा आहे की एखादंच तसं जन्माला आलंय, हे एका फोटोवरून कोणीच सांगू शकत नाही.

ऋतूचा फरक केवढा असू शकतो याचं उदाहरण आपल्याकडे कुठल्याही तलावाच्या काठी बसलेलं सापडेल, पीकॉक पॅन्सी. पावसाळ्यात जन्मलेल्या पॅन्सीच्या पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे असतात, पंखाची कड जरा गोलसर. कोरड्या दिवसांतली पॅन्सी घ्या, पंखाची टोकं काढलेली, खालून रंग वाळक्या पानाचा, डोळे पार पुसलेले. दोन्ही शेजारी ठेवली तर नवखा माणूस शपथेवर सांगेल की ही दोन वेगळी आहेत. आणि नवख्याचं काय घेऊन बसलात, खुद्द लिनियसने १७५८ च्या ज्या पुस्तकापासून प्राण्यांची शास्त्रीय नावं मोजली जातात त्याच पुस्तकात या एका फुलपाखराला दोन नावं देऊन ठेवलीत, अल्माना आणि ॲस्टेरी. स्वीडनमध्ये बसलेल्या माणसाकडे लांबून आलेले नमुने, त्यांच्याबरोबर ऋतूची काही माहिती नाही, तो बिचारा काय करणार. त्याच्या जागी दुसरं कोणी असतं तरी तेच केलं असतं.

कॉमन मॉर्मन नावाच्या फुलपाखराचं तर आणखी पुढचं. काटोलकडे आमच्या काकांची संत्र्याची बाग आहे, तिथे पावसाळ्यात गेले की मी आधी नवीन कलमांकडे जाते. कोवळ्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळी-पांढरी बारकी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि तिला जरा बोट लावलं की डोक्यामागून दोन फाट्यांचं शिंग बाहेर काढते, त्याला असा उग्र वास येतो की हात धुतला तरी जात नाही. काकू म्हणाली, काय पाहून राहिली वं बाई इतकं त्या पानात? मी म्हटलं, अळी. टाक मग काढून, सारं कलम खाऊन टाकते ते, काकूचं सरळ उत्तर, आणि तिचं बरोबरच आहे, कलमाला पैसे तिने मोजलेत. मी म्हटलं काकू राहू दे ना, मी घरी नेते. डब्यात संत्र्याची डहाळी आणि अळ्या घेऊन आले, घरी गोडनिंबाच्या पाल्यावर वाढवल्या. कोशातून एक निघालं ते काळं, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ, कॉमन मॉर्मनचा नर. दुसरं निघालं ते मधे पांढरं आणि कडेला लाल, अगदी कॉमन रोज नावाच्या दुसऱ्या फुलपाखरासारखं. फक्त अंग काळं, रोजचं अंग लाल असतं. ती मॉर्मनचीच मादी, विषारी रोजचं सोंग घेतलेली, म्हणजे पक्षी वाट्याला जात नाहीत. मी काकूला दोन्हींचे फोटो पाठवले तर तिचा लगेच फोन, एकाच झाडावरचे हे येगयेगळे कसे काय निंघाले? याच प्रश्नावर मोठमोठ्या लोकांनी वर्षं घालवलीत. लिनियसने या नराला पॅमन आणि मादीला पॉलिटिस अशी वेगवेगळी नावं दिली होती, निसर्गशास्त्रज्ञ वॉलेसने १८६५ मध्ये यावर लिहिलं, आणि मादी हे सोंग नेमकं कुठल्या जनुकामुळे घेते ते समजायला २०१४ उजाडलं. डबलसेक्स नावाचं एक जनुक, आणि ते शोधणाऱ्या पेपरवर पहिलं नाव आपल्या कृष्णमेघ कुंट्यांचं.

कुंटे बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत असतात, आणि नवीन जात कागदावर कशी आणतात ते मला पहिल्यांदा कळलं ते त्यांच्याच कामातून. २०१५ मध्ये त्यांनी अरुणाचलच्या सदाहरित जंगलातल्या एका फुलपाखराचं वर्णन प्रसिद्ध केलं, हायपोलायसीना नारदा, बॅंडेड टिट. नारदमुनी अरुणाचलच्या जंगलात, मला तर फार आवडलं. असं वर्णन वाचताना सुरुवातीला कंटाळा येतो, खरंच सांगते, पंखाची लांबी, शिरेचा नंबर, कुठला पट्टा कुठल्या शिरेपर्यंत, पुढचा पंख वरून, पुढचा पंख खालून, मागचा पंख वरून, खालून, पानंच्या पानं तेच. पण धीर धरून वाचलं की लक्षात येतं, प्रत्येक ओळीमागे एक शंका आहे आणि ती ओळ त्या शंकेला उत्तर देतेय. हे अमक्या जातीचं असेल का, तर नाही, कारण हा पट्टा बघा. तमक्याचं कोरड्या ऋतूतलं रूप असेल का, तर नाही, कारण हे बघा.

आणि पंखांवर भागलं नाही तर पोट उघडावं लागतं. फुलपाखराच्या पोटाचा शेवटचा भाग कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात ठेवतात, मऊ मांस विरघळतं आणि कठीण सांगाडा तेवढा उरतो, मग तो ग्लिसरीनमध्ये ठेवून मायक्रोस्कोपखाली नराच्या जननेंद्रियांचा आकार पाहतात. मादीला धरायचे जे दोन चिमटे असतात त्यांची टोकं, त्यावरचे दात, वळण, हे जातीजातीत वेगळं असतं, बाहेरून दोन फुलपाखरं कितीही सारखी दिसोत. हे काम करणाऱ्या माणसाचा हात किती स्थिर पाहिजे, विचार करा, पूर्ण अवयव एखाद दोन मिलिमीटरचा.

हल्ली डीएनए आलाय. एक पाय पुरतो. त्यातून सीओआय नावाच्या जनुकाची साधारण ६५८ अक्षरं वाचतात आणि बाकीच्यांशी लावून पाहतात, याला बारकोडिंग म्हणतात. याची सगळ्यात गाजलेली गोष्ट कोस्टारिकाच्या ग्वानाकास्तेच्या जंगलातली. तिथे डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स यांनी वर्षानुवर्षं अळ्या गोळा करून वाढवल्या, कुठली अळी कुठल्या झाडावर मिळाली त्याची नोंद ठेवत. ॲस्ट्राप्टिस फुल्गरेटर नावाचं एक निळ्या झळाळीचं फुलपाखरू, सगळीकडे एकच जात म्हणून धरलेलं, पण अळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि वेगवेगळ्या झाडांवरच्या. २००४ मध्ये बारकोडिंगवाल्या पॉल हेबर्टबरोबर त्यांनी पेपर लिहिला की ही एक जात नसून दहा आहेत. सगळ्यांना पटलं का, तर नाही. २००६ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञाने तीच आकडेवारी तपासून म्हटलं की किमान तीन म्हणता येतील, सातच्या वर नाही. मला या भांडणात कोण जिंकलं त्यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं की भांडायला दोघांकडे काहीतरी होतं, आणि ते होतं कारण कोणीतरी पंचवीसेक वर्षं प्रत्येक डब्यावर झाडाचं नाव लिहीत होतं. ती नोंद नसती तर डीएनएच्या फरकाला अर्थ लावायला काही आधारच नव्हता.

चिठ्ठीचं महत्त्व मला पटलं ते मात्र एका घुबडामुळे. आपल्या मेळघाटात दिसतो तो वन पिंगळा, १८७३ मध्ये पक्षी अभ्यासक ह्यूमने वर्णन केलेला. १८८४ नंतर खात्रीचा एकही नमुना नाही, फक्त रिचर्ड माइनर्त्झहागेन नावाच्या साहेबाने सांगितलेलं की आपण १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीला एक मारला. लोक त्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून शोधत राहिले. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी जुने नमुने बारकाईने तपासले तेव्हा कळलं की तो पक्षी ब्रिटिश म्युझियममधला चोरलेला, खानदेशात डेव्हिडसनने मिळवलेला जुनाच नमुना, परत शिवून नवीन चिठ्ठी लावलेला. खोटी नोंद बाजूला काढली, खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागांच्या दिशेने गेले आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा झाडावर बसलेला सापडला. एक खोटी चिठ्ठी किती वर्षं माणसांना भलतीकडे फिरवू शकते. वाचलं तेव्हा मला इतका राग आला होता, अजून येतो.

म्हणून नवीन जातीच्या वर्णनात एक नमुना वेगळा काढतात, होलोटाइप. नाव कायमचं त्या एका नमुन्याला बांधलेलं. पुढे शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर त्याने येऊन तेच फुलपाखरू उघडून पाहायचं. त्याच्या टाचणीखाली जागा, उंची, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यातही आहे की नवीन जात सापडली तर नेमून दिलेल्या संस्थेला कळवायचं आणि नमुना तिथे जमा करायचा. प्राण्यांच्या नावांचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय आयोग १८९५ पासून आहे, २०१२ पासून त्यांनी फक्त ऑनलाइन निघणारे पेपरही चालवून घेतलेत, त्यातली एक अट अशी की झूबँकवर, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंद पाहिजे.

इथे ग्रुपवर नेहमी वाद होतो. म्हणजे इतकं दुर्मिळ फुलपाखरू आणि त्याला मारून टाचणी लावायची? मलाही पोटात तुटतं. आणि दुसरा रस्ता आहे हेही दाखवून झालंय, पुण्यात खगोलशास्त्राचं काम करणाऱ्या रमणा आत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचलच्या ईगलनेस्टमधल्या बुगुन लिओसिकला नावाच्या नव्या पक्ष्याचं वर्णन तो न मारता केलं, जाळ्यात धरला, मापं, फोटो, गळालेली पिसं घेतली आणि सोडून दिला, कारण तेव्हा माहिती असलेले पक्षी सगळे मिळून १४. ते शंभर टक्के बरोबर होतं. पण फुलपाखरांच्या बाबतीत मी आता नमुना घेण्याच्या बाजूची आहे, अर्थात परवानगी घेऊन, अभ्यास करणाऱ्यानेच, आणि गरजेपुरतेच. एक मादी डझनावारी अंडी घालते, त्यातली बहुतेक तशीही पक्ष्यांच्या नि गांधीलमाशांच्या पोटात जातात. बागेत एक फवारणी झाली की एका सकाळी जेवढं मरतं तेवढं एखाद्या अभ्यासकाच्या हातून आयुष्यात मरत नसेल. आणि फोटोत पोट उघडून बघता येत नाही. ज्याला नावच नाही ते जंगल तोडताना कुठल्या यादीत दाखवणार?

पण नमुना घेतला म्हणजे काम झालं असंही नाही हो. नमुना पहिल्यांदा हाती लागल्यापासून जातीचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात असा हिशोब २०१२ मध्ये आला होता. पनामातलं एक काळं फुलपाखरू १९८१ पासून अमेरिकेच्या स्मिथसोनियन म्युझियमच्या पेटीत पडून होतं, २०१८ मध्ये त्याला नाव मिळालं, कॅटास्टिक्टा सिबिली. माहीत असलेले नमुने फक्त दोन, दोन्ही नर. नाव दिलंय मारिया सिबिला मेरियन यांचं, ज्या १६९९ मध्ये मुलीला बरोबर घेऊन सुरिनामच्या जंगलात गेल्या, अळी कुठल्या झाडावर राहते, कोश कसा, फुलपाखरू कसं हे एकाच चित्रात दाखवलं आणि १७०५ मध्ये पुस्तक काढलं. अळी आणि झाड एकत्र मांडणं, तेसुद्धा बाईने, त्या काळात. त्यांचं नाव फुलपाखराला मिळालं याचा मला मनापासून आनंद झाला.

पेट्यांचं म्हणाल तर आपल्या नागपूरचं म्युझियम, अजब बंगला, १८६३ चा. तिथे काम करणाऱ्या ई. ए. डी'अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांताच्या फुलपाखरांची यादी छापली, म्युझियमच्याच रेकॉर्ड्समध्ये. त्याच्याही आधी १८९०-९१ मध्ये बेथम यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं होतं. आज विदर्भात कोणाला काही नवीन वाटलं तर पहिलं पान उघडावं लागतं ते डी'अब्रूंचं. त्यांनी काही जगप्रसिद्ध शोध लावला नव्हता, इथे काय काय उडतं ते लिहून ठेवलं. त्या पायावर आशीष टिपले आणि खुरद यांनी २००९ मध्ये नागपूर आणि आसपासच्या १४५ जातींची यादी दिली, त्यातल्या ६२ शहरासाठी नवीन नोंदी. बासष्ट! नागपूरसारख्या रोजच्या पायाखालच्या शहरात.

नागझिरा, मेळघाट, गडचिरोली ही आपली जंगलंसुद्धा उष्ण कटिबंधातलीच, फक्त पानगळीची, आणि पानगळीच्या जंगलाकडे फुलपाखरांसाठी बघणारे लोक कमी. इथे साफ नवीन जात मिळेलच असं मी म्हणत नाही, घाट आणि ईशान्येची गोष्ट वेगळी आहे. पण स्विफ्ट नावाची जी तपकिरी, भुरकट, झटकन उडणारी फुलपाखरं असतात ना, गवतावर बसणारी, ती आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच फोटोवरून खात्रीने ओळखता येत नाहीत, पंखावरचे पांढरे ठिपके मोजत बसावं लागतं आणि तरीही दोन जाणकारांची दोन मतं होतात. आधी लोक असले फोटो डिलीट करून टाकायचे. आता आम्ही एक वेगळं फोल्डर केलंय, प्रत्येक फोटोला तारीख, जागा, वेळ, कुठल्या गवतावर होतं, पावसाळा चालू होता की संपला होता, वरून आणि खालून दोन्ही बाजू, आणि नावाची जागा रिकामी. गोरेवाड्याच्या बाजूचे बरेच आहेत, पेंचकडचे थोडे, काटोलच्या बागेतले काकूने फोनवरून पाठवलेलेही दोन-तीन आहेत, त्यात तिने आपणहून लिहिलंय, हरळीवर बसलं होतं, दुपारी, कालच पाणी पडलं. कोणी स्विफ्टवर काम करत असेल तर मागा, सगळं फोल्डर पाठवते.